संसदीय की अध्यक्षीय? घटना समितीतील एका विसरलेल्या वादाची कहाणी



नागरिकशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत ‘संसदीय व अध्यक्षीय शासनपद्धतींतील फरक स्पष्ट करा’ हा प्रश्न पाच गुणांसाठी हमखास येतो आणि आपली मुले त्याचे उत्तर मध्ये रेघ ओढून दोन रकान्यांत लिहितात. डावीकडे पंतप्रधान, उजवीकडे राष्ट्राध्यक्ष. डावीकडे इंग्लंड, उजवीकडे अमेरिका. गुण मिळतात. पण हे दोन रकाने आपल्या देशात एके काळी आमनेसामने उभे राहिले होते, त्यांवर भर सभागृहात वाद झाला होता, आणि त्या वादात मुस्लिम सभासद अहमहमिकेने बोलले होते, ही गोष्ट मुलांना कोणी सांगत नाही. आपण कोणती पद्धत घेतली हे सर्वांना ठाऊक आहे. का घेतली, आणि ती घेताना अल्पसंख्याकांच्या मनात कोणती धास्ती होती, हे समजून घेणे आपल्या समाजाला अधिक अगत्याचे आहे.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे, आणि तो शब्दाचा आहे. आपल्याकडे राष्ट्रपती आहेत, अमेरिकेतही ‘प्रेसिडेंट’ आहेत. इंग्रजीत दोघांनाही तीच पदवी. त्यामुळे डॉ. झाकिर हुसेन १९६७ मध्ये राष्ट्रपती झाले तेव्हा समाजातील अनेकांना वाटले की आता राज्याची सूत्रे आपल्यापैकी एका विद्वानाच्या हाती आली. डॉ. झाकिर हुसेन यांची योग्यता वादातीत होती. जामिया मिल्लियासाठी त्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे वेचली होती. परंतु सूत्रे त्यांच्या हाती नव्हती, आणि घटनेप्रमाणे ती असायचीही नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना हे अगदी सुरुवातीलाच सांगून टाकले होते: नावापलीकडे आपल्या राष्ट्रपतींचे अमेरिकी अध्यक्षांशी काही साम्य नाही, आपल्या राष्ट्रपतींचे स्थान इंग्लंडच्या राजासारखे आहे. ते राष्ट्राचे प्रमुख, पण कारभाराचे प्रमुख नव्हेत.

आपण अभिमान जसा चुकीच्या ठिकाणी बाळगला, तसा दोषही दिला. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणीच्या घोषणेवर फक्रुद्दीन अली अहमद यांची सही झाली. ती पंतप्रधानांच्या सल्ल्यावरून झाली आणि खुद्द मंत्रिमंडळाला ही गोष्ट दुसऱ्या दिवशी सकाळी कळली. राष्ट्रपतींनी थांबायला सांगितले असते तर? हा प्रश्न पुष्कळ वेळा विचारला गेला आहे. माझ्या मते त्यांना निदान मंत्रिमंडळाचा निर्णय मागता आला असता; परंतु सत्ता कोणाची होती, याबद्दल त्या रात्रीने कोणाच्याही मनात शंका ठेवली नाही. पुढे १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय आल्याखेरीज अशी घोषणा करता येणार नाही असे ठरले, आणि दिलेला सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवण्याचा अधिकारही राष्ट्रपतींना मिळाला. विधेयक परत पाठवण्याचा अधिकार मूळ घटनेतच होता. तो ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी २००६ मध्ये लाभाच्या पदांसंबंधीच्या विधेयकाबाबत वापरला. संसदेने तेच विधेयक पुन्हा मंजूर केले तेव्हा मात्र त्यांना सही करावी लागली. अमेरिकेच्या अध्यक्षांनी विधेयक नाकारले, तर ते पुन्हा मंजूर करायला दोन्ही सभागृहांत दोनतृतीयांश मते लागतात. तेथे अध्यक्षांच्या ‘नाही’ला असे वजन आहे.

दोन्ही पद्धतींचे मूळ अंतर कोठे आहे, हे ओळखायला दिल्ली किंवा वॉशिंग्टनला जाण्याची गरज नाही. आपल्या गावची नगरपालिका पाहा. महाराष्ट्रात २०१६ साली नगराध्यक्ष आणि २०१७ साली सरपंच थेट जनतेतून निवडण्याची तरतूद झाली, २०२० मध्ये ती रद्द झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा आली. नगरसेवकांनी आपल्यातून नगराध्यक्ष निवडायचा, ही संसदीय चाल. मतदारांनी नगरसेवकासाठी एक मत आणि नगराध्यक्षासाठी दुसरे मत द्यायचे, ही अध्यक्षीय चाल. पहिल्या चालीत नगरसेवक फुटण्याची, सहलीला नेऊन ठेवण्याची भीती. पण सभागृह आणि अध्यक्ष यांची तोंडे एकाच दिशेला असतात. दुसऱ्या चालीत नगराध्यक्ष निर्धास्त असतो. पण तो एका पक्षाचा आणि सभागृहातील बहुमत दुसऱ्या पक्षाचे असे झाले, की नळाच्या पाइपलाइनचा ठरावसुद्धा अडकून पडतो. अमेरिकेत हेच मोठ्या प्रमाणावर घडते. २०१८ च्या डिसेंबरात अध्यक्ष आणि काँग्रेस यांच्यात सीमेवरील भिंतीच्या पैशांवरून तेढ आली आणि सरकारच्या अनेक खात्यांचे काम ३५ दिवस बंद पडले. लाखो नोकरांचे पगार थांबले, पण ना अध्यक्ष गेले, ना काँग्रेस बरखास्त झाली. दोघांनाही लोकांनी वेगवेगळे निवडून दिले होते. एकाने दुसऱ्याला काढायची सोयच नव्हती.

आपल्याकडे याच्या उलट. १७ एप्रिल १९९९ रोजी लोकसभेत वाजपेयी सरकारच्या बाजूने २६९ आणि विरुद्ध २७० मते पडली. एका मताने देशाचे सरकार गेले.

आता मूळ कहाणीकडे वळू. घटना समितीच्या दोन समित्या, एक पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली संघराज्यासाठी आणि दुसरी सरदार पटेलांच्या अध्यक्षतेखाली प्रांतांसाठी, १९४७ च्या जूनमध्ये एकत्र बसल्या आणि देशाला संसदीय पद्धत अधिक मानवेल असे त्यांनी ठरवले. इंग्रजी अमदानीत आपल्या पुढाऱ्यांना कायदेमंडळांची आणि १९३७ पासून प्रांतिक मंत्रिमंडळांची सवय झाली होती. घासून गुळगुळीत झालेले जोडे पायाला बरे वाटतात, तशातला हा प्रकार होता. कन्हैयालाल मुन्शींनी सभागृहात हाच मुद्दा मांडला: इतक्या वर्षांची परंपरा टाकून नवा प्रयोग कशाला?

परंतु त्याआधी तीनच महिने, १९४७ च्या मार्चमध्ये, एका व्यक्तीने घटना समितीसाठी निवेदन तयार केले होते आणि त्यात इंग्लंडची पद्धत हिंदुस्थानला धोक्याची आहे असे बजावले होते. ती व्यक्ती म्हणजे डॉ. आंबेडकरच. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने लिहिलेले हे निवेदन ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या नावाने प्रसिद्ध आहे. त्यातील विचार आपल्या समाजाने वाचण्यासारखा आहे. इंग्लंडमध्ये बहुमत राजकीय असते, म्हणजे ते मते पटवून मिळवावे लागते. आज हरलेला पक्ष उद्या जिंकू शकतो. हिंदुस्थानात बहुमत जन्माने ठरलेले जातीय बहुमत होण्याचा संभव आहे. असे बहुमत बदलत नाही, आणि जे बदलत नाही त्याच्या हाती सगळे मंत्रिमंडळ देणे म्हणजे अल्पसंख्याकांना कायमचे बाहेर ठेवणे. म्हणून त्यांची सूचना अशी होती की पंतप्रधान साऱ्या सभागृहाने एकल संक्रमणीय मतपद्धतीने निवडावा, मंत्रिमंडळातील अल्पसंख्याकांचे प्रतिनिधी त्या त्या समाजाच्या सभासदांनी निवडावेत, आणि एकदा निवडलेले मंत्रिमंडळ कायदेमंडळाची मुदत संपेपर्यंत हलवता येऊ नये. हा अमेरिकेचा नमुना नव्हे. स्वित्झर्लंडच्या जवळ जाणारा होता. तेथे संसद सात जणांचे मंडळ चार वर्षांसाठी निवडते आणि मधेच काढीत नाही.

दीड वर्षाने हेच डॉ. आंबेडकर मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून उभे राहिले आणि संसदीय पद्धतीची बाजू त्यांनी अशी काही मांडली की तिच्याइतकी नेटकी मांडणी मला पाठ्यपुस्तकांतही आढळलेली नाही. लोकशाहीतील कार्यकारी सत्तेला दोन गुण हवेत, एक स्थैर्य आणि दुसरा जबाबदारी; परंतु दोन्ही सारख्याच प्रमाणात देणारी पद्धत अजून कोणाला सापडलेली नाही. अमेरिकी आणि स्विस पद्धतींत स्थैर्य अधिक, जबाबदारी कमी. इंग्रजी पद्धतीत जबाबदारी अधिक, स्थैर्य कमी. अमेरिकेत राज्यकर्त्यांच्या कामाचा हिशेब ठरावीक मुदतीने होतो. संसदीय पद्धतीत तो मुदतीने होतोच, शिवाय रोजही होतो. प्रश्न, ठराव, स्थगन प्रस्ताव, अविश्वास प्रस्ताव ही त्या रोजच्या हिशेबाची साधने. मसुद्याने स्थैर्यापेक्षा जबाबदारी पसंत केली आहे, असे त्यांनी सांगितले.

डॉ. आंबेडकर बदलले काय? मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून ते सभागृहाने आधीच घेतलेल्या निर्णयाची बाजू मांडत होते, हे विसरता येत नाही. तरीही मला वाटते की दोन्ही वेळा त्यांच्यापुढे प्रश्न एकच होता: दुबळ्याला सत्तेपासून संरक्षण कशाने मिळेल? १९४७ मध्ये त्यांनी उत्तर दिले, सत्तेत वाटा देऊन. १९४८ मध्ये उत्तर दिले, सत्तेला रोज जाब विचारून.

पहिले उत्तर सोडायला जे तयार नव्हते त्यांत आपले सभासद होते. त्या दिवसांची कल्पना करा. फाळणी होऊन वर्ष उलटले होते, गांधीजींचा खून झाला होता, दिल्ली-पंजाबातील रक्तपाताच्या आठवणी ताज्या होत्या. मुस्लिम लीगच्या तिकिटावर निवडून आलेले आणि भारतातच राहिलेले सभासद सभागृहात अवघडून बसत असतील. अशा वेळी उठून बोलायलाही छाती लागते. मद्रासचे महबूब अली बेग यांनी १९४८ च्या डिसेंबरअखेर दुरुस्ती सुचवली की पंधरा मंत्री दोन्ही सभागृहांच्या सभासदांनी प्रमाणशीर प्रतिनिधित्वाने निवडावेत, म्हणजे सर्व गटांना आपोआप जागा मिळेल. दुरुस्ती फेटाळली गेली.

मध्यप्रांत-वऱ्हाडातून निवडून गेलेले काझी सय्यद करीमुद्दीन यांची वाट निराळी होती. त्यांनी वाटा मागण्याऐवजी अध्यक्षीय पद्धत मागितली. मंत्री जर सभासदांच्या मतांवर तगून राहणार असेल, तर तो सभासदांची मर्जी सांभाळणार. सभासद रोजच्या कारभारात ढवळाढवळ करणार. आणि न्यायाने, खंबीरपणे राज्य करणे त्याला जड जाणार, असा त्यांचा रोख होता. १० डिसेंबर १९४८ रोजी प्रा. के. टी. शहा यांनी कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ आणि न्यायसंस्था पूर्णपणे अलग ठेवण्याची दुरुस्ती मांडली तेव्हा करीमुद्दीन यांनी तिला पाठिंबा दिला. म्हैसूरचे के. हनुमंतय्या यांनी उलट बाजू मांडली की तीन सत्ता एकमेकींशी झुंजत ठेवण्यापेक्षा त्या एकोप्याने चालणे देशाच्या हिताचे आहे. शहांची दुरुस्तीही पडली. मसुद्याच्या एका परिशिष्टात राज्यपालांसाठी सूचना होती की मंत्रिमंडळ नेमताना महत्त्वाच्या अल्पसंख्याक समाजांतील सभासद शक्यतो घ्यावेत. अंतिम घटनेत ते परिशिष्टही राहिले नाही. आणि १९४९ च्या मे महिन्यात कायदेमंडळातील मुसलमानांच्या राखीव जागांचा विचारही सोडून देण्यात आला. त्याला बेगम ऐझाझ रसूल आणि तजम्मुल हुसेन या मुस्लिम सभासदांचा पाठिंबा होता.

करीमुद्दीन यांच्याविषयी एक गोष्ट जाता जाता सांगतो. त्याच डिसेंबरात त्यांनी आणखी एक दुरुस्ती सुचवली होती: वाजवी कारण आणि वॉरंट यांखेरीज कोणाच्या घराची, कागदपत्रांची झडती घेऊ नये. डॉ. आंबेडकर ती घ्यायला तयार होते, पण सभागृहाने घेतली नाही. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तेव्हा त्या निकालपत्रात जवळजवळ सत्तर वर्षांपूर्वीच्या या दुरुस्तीची चर्चा झाली. वऱ्हाडच्या या सभासदाचे नाव आपल्या किती मुलांना ठाऊक आहे?

तर सत्तेत राखीव वाटा मिळाला नाही, जाब विचारण्याचे साधन मिळाले. ते कसे चालते याचे माझे आवडते उदाहरण मुंदडा प्रकरणाचे आहे. सरकारी मालकीच्या आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या डबघाईला आलेल्या कंपन्यांचे सव्वा कोटी रुपयांचे शेअर घेतले होते. १९५७ च्या डिसेंबरात लोकसभेत यावर फिरोज गांधींनी तोफ डागली. ते सत्ताधारी काँग्रेसचेच सभासद आणि पंतप्रधानांचे जावई होते, हे ध्यानात घ्या. सरकारला चौकशी नेमावी लागली, आणि ती मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती महंमद करीम छागला यांच्याकडे सोपवली गेली. छागला साहेबांनी मुंबईत उघड चौकशी केली. दिल्लीचे सचिव आणि खुद्द अर्थमंत्री लोकांसमक्ष साक्ष देऊन गेले. फेब्रुवारी १९५८ मध्ये अहवाल आला आणि अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. एका प्रश्नापासून राजीनाम्यापर्यंत तीन महिनेही लागले नाहीत. अमेरिकेत अर्थमंत्री काँग्रेसचा सभासदच नसतो. तो समित्यांपुढे साक्ष देतो, पण रोज सभागृहात उभा राहून उत्तर देण्याचा प्रसंग त्याच्यावर येत नाही. तेथे अध्यक्षांवरील महाभियोग १८६८, १९९८, २०१९ आणि २०२१ असा चार वेळा सिनेटपर्यंत गेला. एकदाही अध्यक्ष दूर झाले नाहीत. निक्सन १९७४ मध्ये महाभियोगाच्या आधीच पायउतार झाले, आणि वॉटरगेटची घरफोडी १९७२ ची होती.

याचा अर्थ अध्यक्षीय पद्धत म्हणजे हुकूमशाही असा कोणी घेऊ नये. आपल्याकडे वादविवाद स्पर्धेत मुले बेधडक तसे बोलतात. जानेवारी २०१७ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी एका आदेशाने सात मुस्लिमबहुल देशांतील लोकांना अमेरिकेत येण्यास मनाई केली. एका सहीने विमानतळांवर माणसे अडकली, ही अध्यक्षीय सत्तेची झेप. काही दिवसांतच संघीय न्यायाधीशांनी तो आदेश रोखला, हा सत्ताविभाजनाचा लगाम. पुढे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुधारलेला आदेश पाच विरुद्ध चार मतांनी वैध ठरवला, आणि २०२१ मध्ये अध्यक्ष बायडेन यांनी पदावर आल्याच दिवशी तो रद्द केला. त्याच अमेरिकेत २००८ साली बराक ओबामा अध्यक्ष झाले. लोकसंख्येत कृष्णवर्णीयांचे प्रमाण आठात एक एवढेच, तरी त्यांना साऱ्या देशातून मते मिळाली. थेट निवडणुकीत अल्पसंख्याक कधीच निवडून येणार नाही, हे म्हणणे ओबामांनी खोटे पाडले. आपल्याकडे १९८० मध्ये रायगडचे बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले मुख्यमंत्री झाले आणि २००४ मध्ये डॉ. मनमोहन सिंग पंतप्रधान झाले, ते मात्र पक्षाने नेता निवडण्याच्या संसदीय वाटेने. दोघांनाही सबंध राज्यात किंवा देशात स्वतःच्या नावावर मते मागावी लागली नाहीत. या दोन वाटांपैकी कोणती अधिक उघडी आहे, याचा निवाडा दोन-तीन उदाहरणांवरून होणार नाही.

आपल्यातील काही बुजुर्ग खलिफांच्या निवडीशी या पद्धतींची तुलना करतात. ‘शूरा’ म्हणजे सल्लामसलत हे तत्त्व मोठे आहेच. पण त्या काळच्या मदिनेत ना पक्ष होते ना मतपेट्या, तेव्हा त्यावरून पंतप्रधान की राष्ट्राध्यक्ष हे ठरवायला जाणे मला तरी ओढाताणीचे वाटते. मुस्लिम देशांचा अनुभव पाहायचा तर जवळचा पाहावा. पाकिस्तानात १९५६ ची घटना संसदीय होती, १९६२ मध्ये अयूब खानांनी अध्यक्षीय आणली आणि अध्यक्षाची निवड ऐंशी हजार ‘बेसिक डेमोक्रॅट्स’च्या हाती दिली, १९७३ मध्ये पुन्हा संसदीय आली. बांगलादेशाने १९७५ मध्ये अध्यक्षीय पद्धत स्वीकारली ती एकपक्षीय राज्यासह, आणि १९९१ मध्ये तो संसदीय पद्धतीकडे परतला. इंडोनेशियात मात्र एकाच अध्यक्षीय पद्धतीखाली १९९८ पर्यंत सुहार्तोंची दीर्घ एकाधिकारशाही झाली आणि २००४ पासून लोकांनी थेट निवडलेले अध्यक्षही झाले. तुर्कस्ताननेही २०१७ मध्ये सार्वमताने अध्यक्षीय पद्धत घेतली, आणि ते सार्वमत थोडक्या फरकाने जिंकले गेले.

भारतातही हा विचार अधूनमधून डोके वर काढीत आला आहे. आणीबाणीच्या काळात अध्यक्षीय राजवटीची शिफारस करणारे एक निनावी टिपण दिल्लीत फिरले होते. ऐंशीच्या दशकात वसंतराव साठे यांनी हा पक्ष उघडपणे मांडला आणि नानी पालखीवालांसारख्या घटनापंडितालाही त्यात तथ्य वाटले. त्यांच्या हेतूवर शंका घेण्याचे कारण नाही. १९८९ ते १९९९ या काळात लोकसभेच्या पाच निवडणुका झाल्या, तेव्हा अस्थैर्याचा कंटाळा आलाच होता. पण स्थैर्याच्या औषधानेही दुसरा आजार जडू शकतो. १९८५ च्या पक्षांतरबंदीच्या दुरुस्तीने सरकारे पाडणे अवघड झाले. त्याबरोबरच पक्षादेशाविरुद्ध मत दिले तर सभासदत्व जाते, अशी स्थिती आली. प्रश्न विचारायला बंदी नाही, परंतु फिरोज गांधींसारखा स्वपक्षाच्या मंत्र्याला धारेवर धरणारा सभासद त्यानंतर विरळा झाला. २०२० च्या सप्टेंबरात साथीच्या कारणाने प्रश्नोत्तराचा तास अधिवेशनातून वगळला गेला आणि केवळ लेखी उत्तरे मिळाली. म्हणजे संसदीय पद्धत कागदावर तशीच राहूनही तिच्यातील रोजचा हिशेब पातळ होऊ शकतो. करीमुद्दीन साहेबांची धास्ती मंत्री सभासदांच्या मुठीत जातील अशी होती. घडले बरेचसे उलटेच.

लोकसभेत एका दिवसाला वीस तारांकित प्रश्न लागतात. त्यांची उत्तरे मंत्र्यांनी उभे राहून द्यायची असतात, आणि त्यांवर उपप्रश्नही विचारता येतात. बाकीच्या, म्हणजे अतारांकित प्रश्नांना लेखी उत्तर मिळते. कोणत्या सभासदाने काय विचारले आणि मंत्र्याने काय उत्तर दिले, हे नावानिशी नोंदले जाते. पूर्वी हे पाहायला मोठ्या ग्रंथालयात जावे लागे. आता लोकसभेच्या संकेतस्थळावर घरबसल्या दिसते. वरच्या वर्गातील मुलांनी आपल्या मतदारसंघाच्या खासदाराचे नाव तेथे शोधावे, गेल्या वर्षात शाळा, शिष्यवृत्त्या आणि वक्फच्या जमिनी यांवर त्यांनी किती प्रश्न विचारले ते वहीत उतरवून घ्यावे, आणि पुढच्या वेळी ते मते मागायला मोहल्ल्यात आले की ती वही वडिलांच्या हाती द्यावी.